गावातल्या दुकानदारांना, मंडईतल्या मावश्यांना आणि एसटीच्या कंडक्टर दादा-ताईंना खुलं पत्र

नमस्कार,

तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझी तोंडओळख आहे. दर गुरुवारी दुपारी तीन-चार पोरं घेऊन बाजारपेठेतून जाणारी बाई, ती मी. मी फिरती विशेष शिक्षिका आहे, म्हणजे माझी अशी एक शाळा नाही, तालुक्यातल्या बऱ्याच शाळांत आळीपाळीने जाते आणि साध्या शाळेतच शिकणारी पण ज्यांना शिकायला जरा जास्त मदत लागते अशी मुलं माझ्याकडे असतात. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच वाढ आणि शिकणं सावकाश होतं, कुणी स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम, लोकांशी बोलणं आणि ठरलेल्यात बदल झालेला जड जातो, कुणाला कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागतो आणि कुणी बाकी सगळ्यात चांगला हुशार आहे, धडे वाचतो, गोष्टी सांगतो, फक्त आकडा समोर आला की त्याचं गाडं अडतं. या शेवटच्या प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना ही अडचण असल्याचं दिसलंय, म्हणजे चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात एक-दोन तरी धराच. ही मुलं तुमच्या दुकानात रोज येतात, पण कपाळावर तसं लिहिलेलं नसतं.

हे पत्र साहेब लोकांना पण लिहिता आलं असतं, आणि त्यांना लिहायचं ते मी लिहितेच. पण इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलंय की या मुलांचं रोजच्या व्यवहाराचं गणित जिथं खरोखर बसतं किंवा कायमचं मोडतं ती जागा म्हणजे तुमचा काउंटर. वर्गात मी कितीही घोकून घेतलं तरी परीक्षा तुमच्याकडेच असते, म्हणून मागणं पण तुमच्याकडेच आहे. पोरगं काउंटरवर पैसे मोजत उभं असलं तर त्याला शेवटपर्यंत मोजू द्या. दोन मिनिटं लागतील, कधी तीन.

का मागते ते सांगते. मुलांची नावं लिहिणार नाही, तुम्ही ओळखलंत तरी कृपा करून बोलू नका.

आठवीतली एक मुलगी आहे, डाउन सिंड्रोम असलेली. दहाच्या नोटा मोजायला शिकायला तिला जवळजवळ तीन महिने लागले. दहा, वीस, तीस, चाळीस एवढंच, पण ते नोट हातातून टेबलावर ठेवत ठेवत म्हणायचं, एक नोट एक शब्द, नोट पुढे आणि तोंड मागे व्हायला नको. आधी पुठ्ठ्याची पट्टी केली, तिच्यावर नोटेच्या आकाराची दहा घरं आखली, प्रत्येक घराखाली १०, २०, ३० असं लिहिलं, ती घरात नोट ठेवायची आणि शेवटच्या घराखालचा आकडा वाचायची. मग पट्टीवरचे आकडे झाकले, मग पट्टीच काढली. ज्या दिवशी तिने पट्टीशिवाय बरोबर साठ रुपये मोजून माझ्या हातात ठेवले त्या दिवशी तिची आई शाळेच्या दारात उभी राहून रडली. पुढच्या गुरुवारी आम्ही दुकानात आलो, बिल झालं चाळीस, तिने पाकीट उघडलं, पहिली नोट ठेवली, दुसरी ठेवली, आणि दुकानदार दादाने, चांगल्या मनानेच हो, "आण गं बाळा इकडं" म्हणून तिच्या हातातलं पाकीटच घेतलं, चार नोटा काढल्या, पाकीट परत दिलं. मागे गर्दी होती, मला कळतं. पण ती मुलगी नंतर सलग तीन आठवडे दुकानात आल्या आल्या पाकीटच पुढे करायची. तीन महिन्यांचं शिकवलेलं एका मिनिटात पुसलं गेलं, कारण तिला काय कळलं तर मोजायचं काम आपलं नसतंच. दादांना नंतर मी सांगितलं तर त्यांनाच जास्त वाईट वाटलं आणि आता त्यांच्याइतका धीर दुसऱ्या कुणाकडे नाही, ती मोजत असली की मागच्या गिऱ्हाइकाला ते स्वतः सांगतात, थांबा जरा, ताईचा हिशोब चाललाय.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे जी कदाचित तुम्हालाच माहीत नसेल. तुम्ही या मुलांचे माझ्यापेक्षा चांगले गणिताचे मास्तर आहात, निदान वजाबाकीचे तरी. शाळेत पन्नासातून सदतीस वजा करायचे तर काय शिकवतात, शून्यातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक घ्या, त्याचे दहा झाले, पाचाचे राहिले चार. माझी मुलं यात काय करतात सांगू, सातातून शून्य गेले सात, पाचातून तीन गेले दोन, उत्तर सत्तावीस. वर्षानुवर्षं सत्तावीस. मोठ्यातून लहान जातो एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, कुठला आकडा वर आणि कुठला खाली याचा अर्थ पोचलेलाच नसतो. आणि जुना दुकानदार काय करतो, तो वजाबाकी करतच नाही. तो सामान पुढे ठेवतो, म्हणतो "हे झाले सदतीस", मग रुपया ठेवतो "अडतीस", रुपया ठेवतो "एकोणचाळीस", रुपया ठेवतो "चाळीस", आणि दहाची नोट ठेवून म्हणतो "पन्नास". हिशोब मिटला. यात हातचा नाही, उसना नाही, नुसतं पुढे मोजत जायचं, आणि मोजता मोजता उरलेले पैसे आपोआप हातात येतात. माझ्या ज्या मुलांना कागदावरची वजाबाकी आयुष्यात कधी जमणार नाही त्यांना ही जमते. मी हे बीएडच्या पुस्तकात नाही, एका म्हाताऱ्या किराणावाल्या आजोबांच्या काउंटरवर शिकले. पण आता कॅल्क्युलेटर आणि बिलिंगचं मशीन आल्यापासून पैसे असे मोजून देणं कमी झालंय, मूठभर चिल्लर एकदम हातात येते. तर एवढं करा, आमची मुलं आली की ते जुन्या पद्धतीने, बोलत बोलत, एकेक नाणं ठेवत पैसे परत द्या.

आणि आकडा सांगताना जरा फोडून सांगा. मराठीत आकड्यांची नावं सुंदर आहेत पण या मुलांसाठी फार अवघड आहेत. त्रेपन्न ऐका, त्यात आधी तीन येतो मग पन्नास, आणि लिहायचं मात्र आधी पाच मग तीन. सदतीस, सदुसष्ट, सत्याहत्तर, यातला सात दर वेळी वेगळा ऐकू येतो. एकोणतीस म्हणजे तीसच्या घरातला वाटतो आणि असतो विसाच्या घरातला. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जागी वीस एक, बावीसच्या जागी वीस दोन अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, चेष्टा झाली, पार विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी तेव्हा बाजू मांडायचा खूप प्रयत्न केला, पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत फार कमी लोक होते. सगळ्याच मुलांना तसं शिकवावं की नाही यावर मी भांडणार नाही. पण माझ्या मुलांच्या बाबतीत सांगते, मी हीच फोड आधीपासून वापरते आणि ती कामाला येते. तुम्ही "त्रेपन्न झाले" म्हणालात की तो गडबडतो. "त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन" म्हणालात की त्याचा हात पाकिटात जातो.

कारण आम्ही त्यांना पैसे द्यायची एक युक्ती शिकवलीय, ती तुम्हाला माहीत असली तर तुमचा पण वेळ वाचेल. फोड करून सांगितलेल्यातला पहिला शब्द ऐकायचा, पन्नास, तर दहाच्या पाच नोटा काढायच्या. त्याच्या मागे "आणि" आलं, मग ते आणि तीन असो नाहीतर आणि नऊ, की अजून एक दहाची जादा ठेवायची. झालं. उरलेलं परत येतं. म्हणजे सुट्टे रुपये मोजायची गरजच नाही, त्रेपन्नला पण सहा नोटा, अठ्ठावन्नला पण सहा. यात मूल फसत नाही, कमी पडत नाही आणि मोठी नोट फेकून मोकळं पण होत नाही. त्यामुळे एखाद्या मुलाने त्रेचाळीसला पाच दहाच्या नोटा ठेवल्या तर "अरे जास्त झाले" म्हणून नोट परत करू नका, त्याने चूक केलेली नाही, बरोब्बर जसं शिकवलंय तसंच केलंय. सात परत द्या, मोजून.

आणि एक सवय आहे ना आपल्याकडे, बिल बावन्न, पोराने शंभर दिले, की आपण म्हणतो "दोन रुपये सुट्टे दे, मग पन्नास देतो". तुमच्या माझ्यासाठी सोयीचं आहे, पण माझ्या मुलासाठी ते संकट आहे. त्याने घरातली सगळ्यात मोठी नोट दिलेली असते, त्याला वाटतं ती पुरली नाही, अजून मागतायत. एकजण यावरून सामान तिथंच टाकून पळत घरी गेला होता, आईला सांगायला की शंभरची नोट खराब निघाली. सुट्ट्याची अडचण खरी आहे हे मला मान्य आहे, पण यांच्यापुरतं तुमच्या गल्ल्यातली थोडी मोड बाजूला ठेवता आली तर बघा, पाहिजे तर मी दर गुरुवारी बँकेतून सुट्टे आणून तुम्हाला देते, मी खरंच आणून देईन. आणि सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवू नका. आम्ही शिकवतो की तीन रुपये परत यायला पाहिजेत, तो हातात बघतो तर दोन गोळ्या. तीन रुपये म्हणजे दोन गोळ्या असं एकदा डोक्यात बसलं की काढायला मला महिना जातो. शिवाय दहावीतल्या पोराला गोळी देऊन "शहाणा माझा" म्हणू नका हो, त्याला मिसरूड फुटलंय.

नोटा-नाण्यांचं पण तुम्ही रोज हाताळता म्हणून लक्षात येत नाही, पण एकदा या मुलांच्या डोळ्याने गल्ल्यात बघा. शंभराची जुनी निळसर नोट मोठी आणि नवी जांभळट नोट लहान, दोन्ही शंभरच. २०११ पासूनची नाणी घ्या, त्यात पाचचं नाणं दोनच्या नाण्यापेक्षा लहान आहे, नंतर आलेल्या नाण्यांत पाचचं मोठं केलंय, आणि सगळी एकत्र चालतात. एक आणि दोन तर दोन्ही पांढरी, छाप घासला गेला की मला पण उलटसुलट करून बघावं लागतं. त्यात दहाचं नाणं काही ठिकाणी घेत नाहीत, का घेत नाहीत कुणाला माहीत, रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलंय की सगळी चालतात. माझ्या मुलाने आठवडाभर दहाचं नाणं ओळखायला शिकायचं आणि दुकानात त्याला कुणी म्हणायचं "हे चालत नाही", मग त्याने काय समजायचं? आणि एक अगदी मूळची अडचण, पाच नाणी एका नोटेपेक्षा जास्त वाटतात, कारण पाच आहेत ना. रुपयाची पाच नाणी एका हातात आणि दहाची नोट दुसऱ्या हातात दिली तर कित्येक मुलं कितीतरी दिवस नाण्यांकडेच जातात. नोटांवरची चित्रं मात्र आम्हाला उपयोगी पडतात, वीसच्या नव्या नोटेवर मागे वेरूळ आहे, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, पाचशेवर लाल किल्ला. एक मुलगा वीसच्या नोटेला वेरूळच म्हणतो, "मॅडम दोन वेरूळ दिले", म्हणजे चाळीस. मी त्याला अडवत नाही.

तुम्ही विचाराल शाळेत खेळण्यातल्या नोटा मिळतात त्याच्यावर शिकवा ना. शिकवते की, पण त्या सगळ्या एकाच मापाच्या, कोऱ्या, आणि खरी नोट असते चुरगळलेली, घडी पडलेली, कधी टेप लावलेली. या मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणं हीच मुख्य अडचण असते, वर्गात येतं ते दुकानात येत नाही, या दुकानात येतं ते शेजारच्या दुकानात येत नाही. म्हणून मी एकाच दुकानात चिकटून राहत नाही, सगळीकडे घेऊन फिरते, आणि म्हणूनच पत्र एकट्यादुकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहितेय.

सहावीतल्या एका मुलाबद्दल सांगते, तो डिस्कॅल्क्युलियावाला. त्याच्याकडे बघून कुणाला काही कळणार नाही, बोलायला चुणचुणीत, तुमच्याशी क्रिकेटवर पण बोलेल. तो नेहमी मोठी नोट देतो. दहाचा पुडा घ्यायचा असला तरी शंभर, आणि परत आलेले पैसे न बघता खिशात कोंबतो, आणि लगेच निघतो. त्याच्या आईला वाटायचं पोरगं उधळं आहे, वडिलांना वाटायचं मधले पैसे खातो, त्याला मार पण बसलाय त्यावरून. खरं काय होतं तर त्याला किती द्यायचे आणि किती परत यायचे हे कळतच नव्हतं आणि ते कुणाला समजू नये म्हणून त्याने हा मार्ग काढला होता. अशी मुलंच काय, अशी मोठी माणसं पण तुमच्याकडे येत असतील. त्याला चारचौघांत काही विचारू नका, फक्त परत देताना सावकाश आणि मोठ्याने मोजा, तो ऐकतो, बघत नसला तरी ऐकतो. कमी पैसे देऊन फसवणारे पण भेटले आहेत आम्हाला, एका ठिकाणी दर वेळी पाच-दहा रुपये कमी यायचे, एक-दोनदा झालं तर चूक म्हणू, पण दर वेळी? नाव घेणार नाही, ते हे वाचत असतील तर त्यांना माहीत आहे.

आणि जे उलटं करतात त्यांनाही हात जोडून सांगते, "राहू दे पैसे, गरीब लेकरू आहे" असं म्हणून फुकट देऊ नका. मन चांगलं आहे तुमचं, पण त्याला विकत घ्यायला शिकायचं आहे. द्यायचंच असेल तर त्याला वेळ द्या.

स्वमग्न मुलांचं थोडं वेगळं आहे. आमचा एकजण आकड्यांत तुमच्या माझ्यापेक्षा पक्का आहे, पाढे तीसपर्यंत पाठ, पण पुडा दहाचा म्हणजे दहाचाच. एकदा त्याला हवा तो बिस्किटचा पुडा संपला होता, दुकानातल्या मुलाने दुसरा बारा रुपयांचा काढून दिला, आणि तो कानावर हात ठेवून खाली बसला. लोक जमले, कुणी म्हणालं वेड लागलंय, कुणी म्हणालं याला कशाला आणता बाजारात. त्याला बाजारात आणायचंच आहे, कारण उद्या त्याची आई नसेल तेव्हा त्याला बिस्किट आणि डाळ-तांदूळ स्वतःच आणावे लागणार आहेत. आता आम्ही दुकानात शिरायच्या आधीच त्याला सांगतो की कदाचित नसेल, कदाचित भाव बदललेला असेल, मग काय करायचं ते चित्राच्या कार्डावर दाखवतो. तुमच्याकडून फक्त इतकंच हवंय की भाव बदलला तर पाकिटावरची छापील किंमत त्याला बोट लावून दाखवा. त्याचा छापलेल्या अक्षरावर विश्वास आहे, तोंडी सांगितलेल्यावर नाही. आणि त्याच्याबद्दल माझ्याशी नका बोलू, त्याच्याशी बोला, "याला काय पाहिजे" असं मला विचारू नका, "तुला काय पाहिजे" असं त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, येईल.

मापाचा विषय तर मोठा आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, हे शब्द आपल्या तोंडात इतके रुळलेत की आपण विचारच करत नाही. पण पाव किलो, अडीचशे ग्रॅम आणि काट्यावरचा ०.२५० ही तीन वेगळी नावं एकाच गोष्टीची आहेत हे त्या मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. एका मुलीला आईने "पाव किलो रवा" आणायला पाठवलं, ती रवा पण घेऊन आली आणि पाव पण, लादी पाव. तिचं काय चुकलं? बरं सव्वा एक ऐकला तर एक आणि पाव, सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस, आणि नुसतं "सव्वा वाजला" म्हणजे सव्वा एक. पावणेदोन म्हणजे दोनच्या आधी, आणि तो दोन ऐकतो. आम्ही वर्गात वाळू आणि तांदूळ तोलतो, बाटलीने पाणी मोजतो, अर्धा लिटरच्या दोन पिशव्या एका लिटरच्या भांड्यात ओततो, पण तुमच्याकडे खरा काटा आहे. तोलताना काट्याची आकड्याची बाजू जरा मुलाकडे फिरवा, आणि सांगा "हा बघ पाव किलो झाला". मंडईतल्या मावश्यांकडे अजून वजनाची मापं आणि पारड्याचा तराजू आहे, ते तर सोनं आहे माझ्यासाठी. अर्धा किलोचं माप एका पारड्यात, दुसऱ्यात दोनशे आणि पन्नासच्या मापांच्या दोन जोड्या, म्हणजे दोन पाव, आणि पारडं सरळ. हे एकदा बघितलं की पोराच्या तोंडावर जे येतं ते मी दहा वर्षं फळ्यावर काढून आणू शकले नसते. एक मावशी आता आम्ही गेलो की मापं मुलाच्याच हातात देते, "तूच घाल" म्हणते. तिला माझा नमस्कार.

आता फोनपे-गुगलपेचं. मला माहीत आहे आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक स्कॅन करतं, घरात पण नोटा दिसत नाहीत, त्यामुळे झालंय काय की लहान मुलांना पैसा हातातून जाताना दिसतच नाही, आई मोबाईल दाखवते, डबा बोलतो, सामान मिळतं. साध्या मुलाचं पण यात नुकसान आहे, माझ्या मुलाचं तर फारच. दहाच्या सहा नोटा गेल्या की पाकीट हलकं होतं हे हाताला कळावं लागतं, त्याशिवाय साठ हा आकडा नुसता आवाज राहतो. मी मोबाईलच्या विरोधात नाही, मोठ्या मुलांना आम्ही तेही शिकवणार आहोत, ५० आणि ५०० मधला फरक टाकायच्या आधी दोनदा वाचायचा, पिन कुणाला सांगायचा नाही वगैरे. पण आधी नोट. त्यामुळे आमची मुलं नोटा घेऊन आली तर "स्कॅन कर ना, आईला सांग पाठवायला" म्हणू नका, प्लीज.

कंडक्टर दादा-ताईंनो, तुमचं काम सगळ्यात घाईचं, हे मला दिसतं, उभ्याने तिकीट फाडायचं, घाट, गर्दी, आणि सुट्ट्याची मारामारी. माझी दोन मुलं आता एकटी एसटीने तालुक्याला यायला शिकतायत. त्यांच्याकडे दिव्यांगांच्या सवलतीचं कार्ड आहे, तिकीट कमी लागतं, पण भाडं कितीचं झालं हे त्यांना आधीच माहीत असतं आणि ते तेवढेच पैसे मुठीत धरून बसतात, कारण आम्ही तसंच शिकवलंय. कधी भाडं बदललेलं असतं, मग मूठ उघडत नाही. ओरडू नका, एवढंच, "दोन रुपये अजून" असं म्हणून दोन बोटं दाखवा, पाकिटाच्या बाहेरच्या कप्प्यात त्यासाठीच जास्तीचे ठेवलेले असतात. आणि गाडीची वेळ सांगताना "पावणेसहाची गाडी" न म्हणता "पाच पंचेचाळीस" म्हणा, मोबाईलवर त्यांना तसंच दिसतं.

कुणी म्हणेल की हे सगळं शाळेचं काम आहे. आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा डिस्कॅल्क्युलियासारखी गणिताची अडचण, पण आहे, आणि साध्या शाळेत सोबत शिकण्याचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि त्याच्या वर पंधरा मुलांमागे एक. प्रत्यक्षात मी एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचते, ते पण गाडी वेळेवर मिळाली तर. वर्गशिक्षक चांगले असतात पण त्यांच्यासमोर चाळीस पोरं आणि संपवायचा पोर्शन असतो. दहावीला या मुलांना कॅल्क्युलेटर, जास्तीचा वेळ, खालच्या इयत्तेचं अंकगणित अशा सवलती मिळतात, त्या मिळायलाच हव्यात, आणि प्रमाणपत्रासाठी पालकांनी किती हेलपाटे घातलेत हे मी बघितलंय. पण दहावी पास झालेला माझा एक विद्यार्थी अजून दुधाच्या पिशवीचे पैसे द्यायला बहिणीला घेऊन जातो. सवलतीने पेपर सुटला, दूध आणायचं राहूनच गेलं.

म्हणून तुम्हाला लिहितेय. आणि नुसतं मागत नाही, थोडं घेऊन पण येतेय. एक ते शंभर आकड्यांची, दहा-दहाचे रंग बदललेली एक लांब पट्टी केलीय, लॅमिनेट करून, ती काउंटरच्या कडेला चिकटवायला देईन, जागा फार खात नाही. ज्या बरण्यांमधला माल मुलं नेहमी घेतात त्यांच्या झाकणावर मोठ्या आकड्यात भाव लिहायला मार्कर पण आणेन, लिहायचं काम मुलंच करतील, तुम्ही फक्त भाव सांगा, आणि बदलला की पुन्हा सांगा.

वेळ गुरुवारी दुपारी तीन ते चार, तुमची गर्दी तेव्हा कमी असते असं मला तिघा-चौघांनी सांगितलं म्हणून ती निवडली, कुणाला दुसरी सोयीची असेल तर मला थांबवून सांगा. सुरुवातीला तुम्हाला वाटेल की सगळं मीच करतेय आणि मूल नुसतं उभं आहे, तर तसं मुद्दाम असतं, आम्ही शेवटून शिकवतो, पहिल्या वेळी मूल फक्त परत आलेले पैसे आणि पिशवी घेतं, पुढच्या वेळी नोटा पण तेच देतं, मग मागायचं पण तेच, आणि एक दिवस मी बाहेर रस्त्याच्या पलीकडे उभी असते. तेव्हा माझ्याकडे बघून खूण करू नका, ते लगेच मागे वळून बघतं.

या गुरुवारी आठवीतली ती मुलगी पहिल्यांदा एकटी दुकानात शिरणार आहे. घरून तिला पाव किलो शेंगदाणे आणि दहाचा एक काडेपेटीचा पुडा सांगितलाय, पाकिटात दहाच्या आठ नोटा आहेत. कुणाच्या दुकानात जायचं ते तिचं ती ठरवेल, त्यामुळे सगळ्यांनीच तयार राहा.

तुमची,
गुरुवारी येणारी बाई